काम नसतानाचा वेग

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. इथे सगळेच असं म्हणतात. मी दोन वर्षं या पेजवरचे अनुभव वाचतो आणि बहुतेकांवर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही माझ्यावर ठेवावा, असा आग्रह नाही. माझाच माझ्यावर फारसा नाही.

पण तारीख पक्की आहे. २३ एप्रिल २०२५, बुधवार.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. बारा वाजून गेले होते.

जागा म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची शाळा. किन्हीराजापासून आठ किलोमीटर आत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून तिथेच राहायचं आहे.

माझं नाव भिवाजी पडघान. त्या शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कपाटाआड बसून पुस्तकांना नंबर घालणं, एवढंच मला नीट जमलं. तेही नीट जमलं की नाही, हे तुम्ही शेवटी ठरवा.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

शाळेत दहा कॉम्प्युटर होते. ते शिकवायला खेमा राठोड नावाचा तरुण करारावर होता. गावाबाहेर दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तो तिथला. सडपातळ, हसरा आणि सतत घाईत. सात नंबरचा कॉम्प्युटर त्याचा. एंटरची कळ तो करंगळीने अशी हाणायचा की आवाज व्हरांड्यात ऐकू यायचा.

टक टक टक टक... ठक्!

"सर, या मशिनीले बी पुस्तकावानी वाचता येते जी," तो मला म्हणायचा. "तुमी घाबरता काहून? ते काय चावते?"

त्याच्यामुळेच मी थोडं शिकलो. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडता येते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण शब्द लिहायचे, तो शब्दांत उत्तर देतो. मला ती पद्धत आवडली. त्यावर एक जाड पुस्तक मी शाळेसाठी मागवलं आणि मीच वाचत बसलो.

हीच माझी चूक होती. वाचलं, ही नव्हे. किती वाचलं, ही.

आमच्या शाळेत दर एप्रिलला जडवस्तूंची पडताळणी होते. खुर्च्या, कपाटं, घंटा... नोंदवहीत आहे ते जागेवर आहे का, हे एकेक पाहायचं आणि सही करायची. २०१९ साली, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, वरून नवीन तक्ता आला. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेगही लिहायचा होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. नोंदवहीत प्रत्येकापुढे लिहिलं होतं : तीन हजार मेगाहर्ट्झ.

मुख्याध्यापक शेषराव सरांनी ते काम मला दिलं. खेमाला दिलं नाही, कारण मशीन ज्याच्या ताब्यात, त्यानेच तपासायचं नसतं.

मी पुस्तक उघडलं. वेग पाहण्याची आज्ञा कागदावर उतरवली. काळ्या खिडकीत ती लिहिली. एंटर दाबलं.

आठशे.

पुन्हा लिहिली. आठशे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आठशे. दहाही कॉम्प्युटरवर आठशे.

मी दहा रकान्यांत आठशे लिहिलं आणि सही केली.

समिती बसली. चांगले प्रोसेसर काढून कोणीतरी जुने, हळू प्रोसेसर बसवले, असा अर्थ निघाला. कोणीतरी म्हणजे कोण? खोलीची किल्ली एकाकडेच होती.

खेमा उभा राहिला. "साहेब, हे आत्ताची स्पीड दाखवून राह्यलं. मशीन रिकामी बसली की प्रोसेसर आपोआप हळू चालते. तिले काम द्या, मंग पाहा. तीन हजारच दाखवन."

"पुस्तकात तसं आहे का हो, पडघान सर?" शेषराव सरांनी विचारलं.

मी खाली पाहून म्हणालो, "माझ्या वाचनात नाही आलं."

समितीतला एक जण हळूच दुसऱ्याला म्हणाला, "तांड्यावरचं पोट्टं हाय. अजून काय पाह्यजे?"

मला ते स्पष्ट ऐकू आलं. आमच्या वस्तीबद्दल असंच बोललेलं मी लहानपणी ऐकलं आहे. माझ्या बापासमोर ऐकलं आहे. ते शब्द कसे लागतात, हे त्या खोलीत मला आणि खेमालाच माहीत होतं.

मी गप्प बसलो.

खेमाचा करार तिथेच संपला. कॉम्प्युटर उघडायचं त्याच्या नावाचं खातं सगळ्या मशीनवरून माझ्यासमोर पुसून टाकलं. पुरावा म्हणून सात नंबरचा कॉम्प्युटर नेला, तो परत आला नाही. नव्या ठिकाणी त्याला कोणी घेईना. दिवाळीनंतर तो तांड्यावरच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. डिसेंबरात तिकडे ट्रॉली उलटली.

सव्वीस वर्षांचा होता.

मला बातमी कळली तेव्हा मी घरी वाचत बसलो होतो. कोणतं पुस्तक, ते आठवत नाही. त्या दिवशी पुढे एकही ओळ सरकली नाही, एवढं आठवतं.

सहा वर्षं ती खोली बंद राहिली. गेल्या एप्रिलमध्ये शेषराव सरांचा फोन आला. उरलेले नऊ कॉम्प्युटर भंगारात काढायचे होते. त्यासाठी पुन्हा तपासणीचा तक्ता भरायचा होता.

"फार काही नाही, सर. जुना तक्ता समोर ठेवा आणि उतरवून काढा. मागची सही तुमची, आताही तुमचीच असू द्या."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही.

त्याच संध्याकाळी खेमाची बहीण निता घरी आली. तिने स्वतः कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे. दारातच उभी राहिली. माझी बायको विमल तिला आत ये म्हणत होती, ती येत नव्हती.

"सर, त्या मशिनी भंगारात चालल्या म्हणते."

"हो."

"एक डाव त्याइले काम देऊन पाहा नं. माह्या भावानं सांगितलं होतं तसं. मशिनी गेल्या की संपलं सारं. मंग कोनाले काय दाखवू आमी? मी दोन जागी कामाले विचारलं. तोंडावर म्हणते, तू चोराची बहीन."

मी चष्मा काढून पुसत बसलो. ती गेली.

विमलने पाण्याचा तांब्या आदळला. "बोलाले काय पैसे पडते तुमाले? त्या पोरीनं हात जोडले अन् तुमी चष्मा पुसून राह्यले!"

"पाहतो म्हटलं मनात."

"मनातलं तिले ऐकू येते काय?"

म्हणून मी बुधवारी गेलो.

शाळा सकाळची होती. साडेअकराला पोरं गेली. शिक्षक गेले. शिपाई लखमाने खोली उघडून दिली आणि नाकाला रुमाल लावला.

"धूळ पाहा नं जी! मी तिकडं निंबाखाली बसतो. काई लागलं तं आवाज द्या."

तो गेला. ऊन इतकं होतं की बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता.

लांब टेबलावर नऊ कॉम्प्युटर. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये एक मोकळी जागा... सात नंबरची.

सगळीकडे बोटभर धूळ होती.

त्या मोकळ्या जागेवर नव्हती.

लखमाने तिथे काही ठेवलं असेल, उचललं असेल, असं मी मनाला सांगितलं. मेन स्विच वर केला. एक नंबरचा कॉम्प्युटर सुरू केला. बराच वेळ घरघरला आणि लागला. आतला घड्याळाचा सेल मेलेला होता, म्हणून कोपऱ्यात तारीख २०१३ सालातली दाखवत होता. मी शाळेच्या खात्यातून आत गेलो. काळी खिडकी उघडली. जुना कागद काढला आणि तीच आज्ञा लिहिली.

आठशे.

मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं. मी चुकलो नव्हतो.

मग निताचे शब्द आठवले. काम देऊन पाहा.

पण काम कसं द्यायचं? मला ते येत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसलो. ती छोटी पांढरी खूण लुकलुकत होती. मी काही करत नव्हतो. कॉम्प्युटरही काही करत नव्हता.

आणि मग...

आतला पंखा जोरात फिरायला लागला.

आधी हळू. मग चढत गेला. पिठाच्या गिरणीत दाणे संपल्यावर जातं जसं मोकळं ओरडतं, तसा.

मी आज्ञा पुन्हा लिहिली.

तीन हजार.

मी चष्मा काढला, पुसला, लावला.

तीन हजार.

खोलीत इंटरनेट नव्हतं. दुसरं काही उघडलेलं नव्हतं. मी त्याला काहीही काम दिलं नव्हतं.

मग ते देत कोण होतं?

त्याच वेळी मला तो आवाज आला.

टक टक टक टक...

मी मान वळवली नाही. उंदीर असेल. पत्रा तापून वाजत असेल. एप्रिलमध्ये पत्रे वाजतात.

टक टक टक...

ठक्!

तो पत्रा नव्हता. ती करंगळी मी ओळखत होतो.

पुस्तकातली आणखी एक आज्ञा मला पाठ होती. या क्षणी कॉम्प्युटरवर कोण कोण काम करत आहे, ते ती दाखवते. एकच छोटा शब्द आहे. मी तो लिहिला. का लिहिला, माहीत नाही. धीट माणूस खोलीत वळून पाहतो. मी वाचून पाहतो.

दोन ओळी आल्या.

पहिली माझी. शाळेचं खातं. तारीख २०१३ सालातली. बरोबर होतं, सेल मेलेला होता.

दुसरी ओळ...

खेमा.

इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत. जे खातं माझ्या डोळ्यांसमोर पुसलं होतं, तेच.

आणि त्याच्यापुढे तारीख होती २३ एप्रिल २०२५. वेळ, दुपारी बारा वाजून चार मिनिटं.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. एकाच कॉम्प्युटरच्या एकाच घड्याळात दोन सालं कशी असतील?

तो माझ्यानंतर आला होता. सतरा मिनिटं तो माझ्याबरोबर खोलीत होता.

इथे कोणीही पळालं असतं. मीही पळायला हवं होतं. पण मला पळणंही लगेच जमत नाही. माझ्या समोर तक्ता होता, त्यात रकाने होते. मी काय केलं, तर एक नंबरच्या रकान्यात तीन हजार लिहिलं.

पंखा शांत झाला.

एकदम. जणू कोणी मान हलवली.

मग...

दोन नंबरचा पंखा घरघरला.

त्याचं बटण मी दाबलेलं नव्हतं.

मी खुर्ची सरकवली. दोन नंबरसमोर बसलो. काळी खिडकी आधीच उघडी होती. आज्ञा लिहिली. तीन हजार. रकान्यात लिहिलं. पंखा थांबला. तिसरा सुरू झाला.

असे सहा केले. तो आवाज चालूच होता. माझ्या उजव्या हाताला, दर मशीनगणिक जवळ येत.

सहाव्या मशीनसमोर बसलो तेव्हा ती मोकळी जागा माझ्या कोपराजवळ होती.

मी तिकडे पाहिलं नाही. आठ नंबरकडे जाताना मात्र हात टेकवायला म्हणून टेबलावर ठेवला, आणि तो नेमका तिथे पडला.

लाकूड गरम होतं.

आणि माझ्या तळहातावर हवा येत होती. गरम, एकसारखी... चालू मशीनच्या मागून येते तशी.

तिथे काहीच नव्हतं.

एप्रिल होता, हे मला मान्य आहे. गरम हवा कुठूनही येते. पण ती वारा वाहतो तशी येत नव्हती. ती एकाच जागेतून येत होती आणि तिला घरघर होती.

आठ आणि नऊ कसे भरले, नीट आठवत नाही. अक्षर वेडंवाकडं आलं आहे. तक्त्यात सात नंबरची ओळ छापलेलीच होती. तिथे "उपलब्ध नाही" असं लिहायचं होतं. मी "उप" लिहिलं...

ठक्!

इतक्या जवळून की माझ्या कानाला त्याचा धक्का जाणवला.

मी "उप" खोडलं. तिथेही तीन हजार लिहिलं.

मग उठलो, भिंतीपाशी गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे पडदे काळे झाले. पंखे उतरत उतरत बंद झाले. एक... दोन... सगळे.

एक सोडून.

वीज नव्हती. मशीन नव्हती. पण मोकळ्या जागेतला पंखा पूर्ण वेगाने फिरत होता.

आता मात्र मी पळालो.

लखमा निंबाखाली तंबाखू मळत होता. "काय झालं जी? तोंड चुन्यावानी पांढरं पडलं."

"खोली... कुलूप लाव."

तो गेला, कुलूप लावून आला. माझ्याकडे पाहत राहिला.

"आत काही होतं का रे?" मी विचारलं.

"काईच तं नाई." तो थांबला. "पन सर, आत लय गरम होतं. भट्टीवानी."

त्या संध्याकाळी मी ते जाड पुस्तक काढलं. निवृत्त होताना शाळेकडून मागून घेतलं होतं. माझी खूण अजून त्या पानावर होती. तीच आज्ञा, खाली पेन्सिलीची माझी रेघ.

मी पान उलटलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या पानाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हा आकडा त्या क्षणाचा वेग दाखवतो. काम नसताना प्रोसेसर स्वतःहून मंद होतो. मूळ वेग पाहायचा तर दुसरी आज्ञा द्यावी.

खेमा बोलला होता, तेच. शब्दन् शब्द.

माझ्या वाचनात नाही आलं, असं मी म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते. पान उलटलं नव्हतं, एवढंच.

विमल चुलीपाशी होती. मी तिला पान वाचून दाखवलं. खोलीतलंही सगळं सांगितलं. ती नेहमी मला टोचून बोलते. तेव्हा तिचा हात तसाच राहिला. भाकरी तव्यावर करपली, तिने ती उलटलीही नाही.

मग म्हणाली, "आता काय करता?"

मी रात्री जेवलो नाही. तीन ओळींचा अर्ज लिहिला. २०१९ सालची माझी नोंद चुकीची होती. प्रोसेसर बदललेले नव्हते. खेमा राठोड निर्दोष होता.

शेषराव सरांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

"पडघान सर, निवृत्तीनंतर स्वतःचं नाव खराब करून घेता काय? आठशे तुम्हीच लिहिलं होतं. आज तीन हजार म्हणता. उद्या लोक विचारतील, मग खरं कोणतं?"

"तीन हजार, सर."

"कशावरून?"

माझ्याकडे पुस्तकाचं पान होतं, ते दाखवलं. दुसरं कारण सांगितलं नाही.

"आणि ही सात नंबरची ओळ? मशीन जागेवर नाही अन् वेग लिहिता तुम्ही?"

"ती तशीच राहू द्या," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा मी वरिष्ठांना असं काही म्हणालो असेन. त्यांनी अर्ज घेतला नाही. मी तो पोस्टाने वाशीमच्या वरच्या ऑफिसला पाठवला. दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं : नोंद घेण्यात आली आहे.

पण उत्तराची वाट न पाहता, त्याच आठवड्याच्या रविवारी मी तांड्यावर गेलो होतो. अर्जाची प्रत बरोबर होती. ती निताच्या हातात द्यायची आणि परत फिरायचं, असं ठरवून गेलो होतो.

तसं झालं नाही.

तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, भाऊसिंग यांच्या अंगणात माणसं जमली. बाया एका बाजूला बसल्या. खेमाची आई गोमतीबाई पुढे बसली होती. मी कागद पुढे केला. भाऊसिंगांनी तो घेतला नाही.

"कागद राहू द्या, सर. आमच्यात चुकी तोंडानं सांगा लागते, साऱ्याइच्या समोर. त्या दिवशी बी तुमी लेहूनच देल्लं होतं. बोल्ले नव्हते."

"मला बोलता येत नाही," मी म्हणालो.

मागून एक म्हातारा म्हणाला, "हे तं बोल्लेच की तुमी!"

दोघं-तिघं हसले. रागाने नाही. मला त्या हसण्याचा आधार वाटला.

मी उभा राहिलो आणि बोललो. पुस्तक, आठशे, न उलटलेलं पान. समितीत कोण काय म्हणालं आणि मी कसा गप्प बसलो, तेही. वाक्यं तुटत होती. मध्येच पाणी मागितलं. पण शेवटी म्हणालो, "खेमाने चोरी केली नव्हती. चूक माझी होती."

निता भिंतीला टेकून उभी होती. ती रडत होती की नाही, मला दिसलं नाही. मी वर पाहिलंच नव्हतं.

मग भाऊसिंगांनी विचारलं, "सहा साल तुमाले समजलं नाई. आता कोनं सांगितलं, सर?"

मी थापही मारू शकलो असतो. पुस्तकानं, म्हणालो असतो. पण उभा होतो, बोलत होतो, आणि एकदा खरं बोलायला लागल्यावर मला थांबता आलं नाही.

"त्यानंच."

आणि मी ती दुपार सांगितली. सगळी. पंखे, ती दुसरी ओळ, करंगळीचा आवाज, गरम लाकूड.

मला वाटलं, हाकलून देतील. म्हणतील, आधी चोर केलं, आता भूत करून राह्यला.

कोणीही हललं नाही. बायांमध्ये कोणीतरी पदर तोंडाला लावला. गोमतीबाई मात्र उठली. हळूहळू चालत माझ्यासमोर आली. तिला कमी दिसतं. तिने माझा हात चाचपला, तळहात वर केला, आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. जणू तिथे अजून काही लागतं का, पाहत होती.

"मास्तर."

"हो, बाई."

"तुमी म्हणता, काम असलं तवाच ते मशीन पळते."

"हो."

"म्हंजे माहा पोरगा तिथं काम करून राह्यला होता. सहा साल."

तिचा हात माझ्या तळहातावर तसाच होता.

"दमला अशीन तो," ती म्हणाली. मग मान वर करून, जिथे माझा चेहरा असावा असं तिला वाटलं तिकडे पाहिलं. "तुमी लेहून देल्लं खरं. मंग थांबला काय तो?"

अंगणातला एकूण एक माणूस माझ्याकडे पाहत होता.

मी स्विच खाली ओढला होता. सगळे पंखे थांबले होते. एक थांबला नव्हता. तो थांबेपर्यंत मी उभा राहिलो नव्हतो. पळालो होतो.

"हो," मी म्हणालो. "थांबला."

गोमतीबाईने डोळे मिटले. एवढा लांब श्वास सोडला की तो मला माझ्या हातावर जाणवला. मग तिने माझा हात सोडला आणि निताला म्हणाली, "मास्तरले चहा कर."

चहा मी प्यायलो. गोड होता. नितानेच मला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आई आज झोपन, सर."

नऊ कॉम्प्युटर मे महिन्यात भंगाराच्या गाडीतून गेले. निताला तालुक्याला, मालेगावात काम मिळालं. त्या खोलीत आता कोणी बसत नाही. पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला काढली होती, पण पोती ठेवली की दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून पुन्हा रिकामी केली. लखमा म्हणतो, आत गरम होते फार. पत्र्यामुळे असेल. दुसऱ्या खोल्यांनाही पत्राच आहे.

किल्ली त्याच्याकडे आहे. मागितली तर देईल. टेबल अजून तिथेच आहे म्हणतो. जाऊन हात ठेवून पाहायला पाच मिनिटं लागतील.

एक वर्ष झालं. मी गेलेलो नाही.

गोमतीबाई बाजारात भेटते. आवाजावरून ओळखते. प्रत्येक वेळी म्हणते, बरं झालं मास्तर, माहं पोरगं निजलं.

मी मान हलवतो.

गेलो, आणि लाकूड गार लागलं, तर प्रश्नच नाही.

पण गरम लागलं तर... तिला काय सांगू?